एअर प्युरिफायर चालवला तर लाईट बिल किती वाढते? बेळगावच्या घरांसाठी हिशोब

घरातला एअर प्युरिफायर हे काही वीज खाणारे धूड नव्हे. एका खोलीपुरता प्युरिफायर पूर्ण वेगावर साधारण ३० ते ६० वॉट वीज घेतो. छताच्या जुन्या पंख्यालाच ७५ वॉटच्या आसपास लागतात. ४० वॉटचा प्युरिफायर दिवसरात्र पूर्ण वेगावर महिनाभर सुरू ठेवला, तरी बेळगावच्या दराने त्याच्या विजेचा खर्च दोनशे रुपयांच्या आसपास येतो. रात्रीपुरता आणि कमी वेगावर वापरला तर वीस रुपयेसुद्धा होत नाहीत.

एवढ्यावर हा विषय संपला असता. पण कर्नाटकात राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांचे बिल आता गृहज्योती योजनेत येते आणि तिथे हिशोब सरळ राहत नाही. ज्या घराचा वापर २०० युनिटांच्या काठावर आहे, तिथे प्युरिफायरचे २९ युनिट दोनशे रुपयांना न पडता सोळाशे-सतराशे रुपयांना पडू शकतात. दुकानदार हे सांगत नाही आणि खोक्यावरही ते छापलेले नसते.

युनिट कसे मोजायचे

वॉट गुणिले तास, भागिले एक हजार, एवढेच सूत्र आहे. ४० वॉटचे यंत्र २५ तास चालले की एक युनिट होते. चोवीस तास आणि तीस दिवस चालवले तर २८.८ युनिट. रोज फक्त रात्रीचे आठ तास चालवले तर महिन्याला ९.६ युनिट.

तुलनेला घरातला गिझर घ्यावा. दोन हजार वॉटचा गिझर अर्धा तास सुरू राहिला की एक युनिट जाते. म्हणजे सकाळी अर्धा तास गिझर लावणे आणि ४० वॉटचा प्युरिफायर पूर्ण वेगावर २५ तास चालवणे हे मीटरच्या लेखी सारखेच. बेळगावच्या थंडीत ज्या घरात चौघांच्या आंघोळीला गिझर तासभर चालतो, तिथे प्युरिफायरच्या विजेची काळजी करण्याआधी गिझरकडे बघितलेले बरे.

खोक्यावर लिहिलेले वॉट हे नेहमी सर्वांत जास्त वेगाचे असतात. प्रत्यक्षात यंत्र तेवढी वीज क्वचितच घेते, आणि इथे पंख्याचा एक नियम ठाऊक असलेला चांगला. पंख्याचा वेग निम्मा केला तर त्यातून जाणारी हवा साधारण निम्मी होते, पण लागणारी वीज निम्मी होत नाही. ती आठव्या हिश्श्यापर्यंत खाली येते. पूर्ण वेगावर ४० वॉट घेणारा पंखा निम्म्या वेगावर कागदावर पाच वॉट घेईल. यंत्रातले सेन्सर, दिवे, वायफाय यांची भर धरली तरी आठ-दहा वॉटच्या पुढे सहसा जात नाही. स्लीप मोडवर तर बरीच यंत्रे पाच वॉटच्या आगेमागे चालतात.

म्हणून खोलीच्या मापापेक्षा थोडा मोठा प्युरिफायर घेऊन तो हळू चालवणे हे लहान प्युरिफायर सतत जोरात चालवण्यापेक्षा विजेला स्वस्त पडते. आवाजही कमी होतो. घ्यायच्या वेळी मोठ्या यंत्राला दोन-तीन हजार जास्त मोजावे लागतात, हे खरे. पण आवाज होतो म्हणून बंद करून ठेवलेल्या लहान यंत्राचा उपयोग शून्य असतो, आणि तशी यंत्रे बऱ्याच घरांत कपाटावर बसलेली दिसतात.

मोठे म्हणजे किती मोठे, याला एक सोपे माप आहे. यंत्रावर सीएडीआर नावाचा आकडा असतो. ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते, ते तो सांगतो. दहा बाय बाराची झोपायची खोली, उंची दहा फूट, म्हणजे १२०० घनफूट किंवा सुमारे ३४ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळून निघावी असे धरले तर १७० सीएडीआर लागतो. जुन्या घरांतल्या उंच माळ्याच्या खोल्यांना त्याच प्रमाणात जास्त. ३०० च्या आसपास सीएडीआर असलेले यंत्र या दहा बाय बाराच्या खोलीत निम्म्या-पाऊण वेगावर आरामात पुरते.

एक सावधगिरी. प्युरिफायर आणि खोली गरम करणारा हीटर एकाच यंत्रात असलेले प्रकारही बाजारात आहेत. त्यात हीटर सुरू केला की वीज दीड-दोन हजार वॉटवर जाते. मग ते यंत्र प्युरिफायर राहत नाही, दुसरा गिझरच होतो. घेताना लेबलवरचा वॉटचा आकडा चार अंकी दिसला तर हेच कारण असते.

बेळगावात युनिटला नेमके किती पडतात

बेळगाव जिल्ह्याला वीज देते ती हुबळी विद्युत पुरवठा कंपनी, म्हणजे हेस्कॉम. धारवाड, गदग, हावेरी, उत्तर कन्नड, विजयपूर आणि बागलकोट हे जिल्हेही तिच्याकडेच आहेत. हुक्केरी तालुक्यात ग्रामीण विद्युत सहकारी संस्था वीज पुरवते, हा जुना अपवाद. दर मात्र दोन्हीकडे कर्नाटक वीज नियामक आयोगच ठरवतो.

एप्रिल २०२५ पासून घरगुती विजेचा दर युनिटला ५ रुपये ८० पैसे झाला. इथे टप्पे नाहीत. पहिल्या युनिटाला जो दर, तोच तीनशेव्या युनिटाला. त्यावर २०२५-२६ साठी वीज कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटीपोटी युनिटमागे ३६ पैसे अधिभार लागला. वीज आकारावर ९ टक्के कर आहे, तो ५२ पैसे होतो. बेरीज ६ रुपये ६८ पैसे. इंधन समायोजनाचे काही पैसे महिन्यानुसार वरखाली होतात, म्हणून घरच्या हिशोबाला युनिटमागे सात रुपये धरले तर फारशी चूक होत नाही.

स्थिर आकार वेगळा असतो. तो २०२५-२६ मध्ये मंजूर भाराच्या प्रत्येक किलोवॉटमागे महिना १४५ रुपये होता. प्युरिफायर घेतल्याने तो वाढत नाही, त्यामुळे त्याला या हिशोबात धरायचे कारण नाही. दुकानदार किंवा एखादा नातेवाईक ‘एकूण बिल भागिले युनिट’ करून दर काढतो, तेव्हा हा स्थिर आकार त्यात मिसळतो आणि युनिट नऊ-दहा रुपयांना पडते असे वाटायला लागते. नवीन यंत्राचा खर्च काढताना शेवटच्या युनिटाला काय पडते तेवढेच बघायचे.

हेस्कॉमचे बिल कन्नडमध्ये आणि काही ठिकाणी इंग्रजीत असते, मराठीत नसते. त्यामुळे घरातल्या वडीलधाऱ्यांना ते शेजाऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. चार शब्द ओळखता आले तरी काम भागते. ‘बळके’ म्हणजे महिन्याचा वापर, युनिटांत. ‘निगदित शुल्क’ म्हणजे स्थिर आकार. ‘विद्युत शुल्क’ म्हणजे वापरलेल्या युनिटांचे पैसे. ‘तेरिगे’ म्हणजे कर. ‘बाकी’ मात्र मराठीतलीच बाकी. प्युरिफायर घेण्याआधी गेल्या बारा महिन्यांच्या बिलांवरचा ‘बळके’चा आकडा एका कागदावर उतरवून काढावा. पुढचा सगळा निर्णय त्याच्यावर आहे.

सात रुपयांच्या धारणेने खर्च असा निघतो. ४० वॉट, पूर्ण वेग, चोवीस तास : महिना २८.८ युनिट, सुमारे २०० रुपये. तोच पूर्ण वेग, फक्त रात्रीचे आठ तास : ९.६ युनिट, ६७ रुपये. ऑटो मोडवर सरासरी १५ वॉट धरून बारा तास : ५.४ युनिट, ३८ रुपये. आणि शहाण्यासारखा वापर म्हणावा तो असा : झोपायच्या आधी खिडक्या लावून अर्धा तास पूर्ण वेग, मग उरलेले साडेसात तास आठ वॉटवर. रात्रीला ८० वॉट-तास, महिन्याला २.४ युनिट, जेमतेम १७ रुपये.

शेवटच्या दोन आकड्यांत हवेचा फरक फारसा पडत नाही. बंद खोलीतली धूळ पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात बरीचशी गाळून निघते. त्यानंतर फटींतून जेवढी नवी धूळ येते तेवढीच काढत राहायची असते आणि त्याला कमी वेग पुरतो.

गृहज्योतीचा काठ

जुलै २०२३ च्या वापरापासून कर्नाटकात गृहज्योती सुरू झाली. ‘२०० युनिट मोफत’ असे तिचे नाव झाले आहे, पण प्रत्येक घराला २०० युनिट मोफत नाहीत. २०२२-२३ या वर्षातला त्या घराचा महिन्याचा सरासरी वापर काढला जातो, त्यात दहा टक्के मिळवले जातात आणि तेवढे युनिट त्या घराला मोफत, असा सर्वसाधारण नियम आहे. २०० ही वरची मर्यादा. आपल्या हक्काच्या युनिटांपेक्षा जास्त पण २०० च्या आत वापर झाला, तर वरच्या युनिटांचे पैसे भरायचे. वापर २०० च्या पुढे गेला, की त्या महिन्याचे अख्खे बिल भरायचे.

प्युरिफायरची खरी किंमत याच नियमात दडलेली आहे. तीन घरे धरून बघू.

पहिल्या घराची २०२२-२३ ची सरासरी १०० युनिट होती. म्हणजे हक्क ११० युनिटांचा. सध्याचा वापर १०५, बिल शून्य. या घराने चोवीस तास प्युरिफायर चालवला तर वापर १३४ च्या घरात जातो. वरच्या २४ युनिटांचे दीडशे-एकशे सत्तर रुपये भरावे लागतात. पहिले पाच युनिट मोफतच्या वाट्यात गेले, एवढाच फायदा. हेच घर रात्रीपुरता हळू वापर करील तर २.४ युनिट वाढतात आणि बिल शून्यच राहते.

दुसऱ्या घराची सरासरी १७० होती, हक्क १८७ युनिटांचा. डिसेंबरात गिझर धरून वापर १८०, बिल शून्य. आता इथे २८.८ युनिटांची भर पडली की वापर २०९ वर जातो. सवलत पूर्ण उडते. २०९ युनिटांचे ५.८० प्रमाणे १,२१२ रुपये, अधिभार ७५, कर १०९, आणि दोन किलोवॉट भाराचा स्थिर आकार २९०. एकूण सुमारे १,६९० रुपये. दोनशे रुपयांच्या विजेपायी सोळाशे नव्वद. याच घरात प्युरिफायर रात्रीचे आठ तास पूर्ण वेगावर चालला असता, तर वापर १९० च्या आत राहिला असता आणि वरच्या तीनेक युनिटांचे वीस रुपये भरून सुटका झाली असती. हळू वेगावर चालवला असता तर तेही नाही.

तिसऱ्या घरात दोन एसी आहेत आणि वापर बारमाही २०० च्या वर आहे. त्यांना या काठाची भीती नाही. सरळ युनिटमागे सात रुपये.

या तिघांत दुसऱ्या प्रकारची घरे सर्वांत अडचणीत येतात, आणि थंडीतच येतात. प्युरिफायरची गरज लागते ते महिने आणि गिझर जास्त चालतो ते महिने एकच. अशा घरात प्युरिफायर घेऊच नये असे नाही. गिझर रोज पंधरा मिनिटे कमी केला की महिन्याला पंधरा युनिट वाचतात. त्यात रात्रीचा प्युरिफायर दीडपट बसतो, तोही पूर्ण वेगाचा. छताचा ७५ वॉटचा पंखा काढून ३० वॉटचा बीएलडीसी बसवला, तर दहा तासांच्या वापराला महिन्याला साडेतेरा युनिट वाचतात. पण थंडीत पंखा लागतोच किती, हा प्रश्न आहे. ती बचत उन्हाळ्यातली.

महिन्याच्या मध्यावर मीटरचा आकडा बघून ठेवणे हा त्याहून सोपा उपाय. मागच्या रीडिंगपासून पंधरा दिवसांत ९५ युनिट झाले असतील तर त्या महिन्यात काटा २०० च्या अगदी जवळ जाणार, हे तेव्हाच कळते. मग इस्त्री, गिझर, प्युरिफायर यांपैकी काय आवरायचे ते घरच्यांनी ठरवावे.

शिनोळीत आणि गोव्यात तेच यंत्र

बेळगावातून चंदगडच्या रस्त्याला शिनोळी लागली की महावितरणची हद्द सुरू होते. तिथे टप्प्यांचा दर आहे. पहिल्या १०० युनिटांना वहन आकार धरून सहा रुपयांच्या आत पडते. १०१ ते ३०० च्या टप्प्यात मात्र युनिट ११ रुपयांच्या आसपास जाते आणि वर १६ टक्के वीज शुल्क. शंभराच्या वर वापर असलेल्या घरात प्युरिफायरचे २८.८ युनिट याच टप्प्यात पडणार. म्हणजे महिना साडेतीनशे रुपयांच्या पुढे. बेळगावात नोकरीला असलेले आणि गावी चंदगड तालुक्यात आई-वडील असलेले लोक दोन्हीकडची बिले भरतात. त्यांना हा फरक वेगळा सांगायला नको.

गोव्यातही टप्पे आहेत, पण दर बरेच खाली. शंभर ते तीनशे युनिटांच्या दरम्यान असलेल्या घराला २८.८ युनिट शंभर रुपयांच्या आगेमागे पडतात. तीन ठिकाणी यंत्र तेच, वीज तेवढीच, आणि बिलात तिपटीचा फरक. म्हणून पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत सांगितलेला ‘महिन्याचा खर्च’ बेळगावला लावू नये, आणि बेळगावचा गडहिंग्लजला.

आपले यंत्र किती घेते, घरीच मोजा

प्लगमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर काही शे रुपयांना मिळतो. तो नसला तरी चालते, कारण घराच्या मीटरवरच सोय आहे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ ‘३२०० इम्प’ किंवा ‘१६०० इम्प’ असे लिहिलेले असते. एका युनिटाला दिवा किती वेळा लुकलुकतो, त्याचा तो आकडा.

दुपारी घरातले सगळे बंद करावे, फ्रिजसुद्धा. इन्व्हर्टरही बंद, कारण तो गुपचूप बॅटरी भरत असतो. मग फक्त प्युरिफायर लावून दोन लुकलुकींमधले सेकंद मोबाईलवर मोजावेत. ३२०० च्या मीटरवर ४० वॉटला साधारण २८ सेकंद लागतात. दहा वॉटवर तो वेळ ११२ सेकंदांवर जातो. १६०० च्या मीटरवर हेच वेळ दुप्पट. उलट गणित करायचे असेल तर ३६ लाखाला मीटरवरच्या आकड्याने आणि मग सेकंदांनी भागावे. उत्तर वॉटमध्ये येते. प्रत्येक वेगाला एकदा मोजून तो आकडा यंत्राच्या मागे चिकटवून ठेवला की पुन्हा विचारायला नको.

बटणाने बंद केलेला प्युरिफायरही थोडी वीज घेत असतो, विशेषतः मोबाईलवरून चालणारा. एक वॉट धरला तर वर्षाला पावणेनऊ युनिट, साठ रुपये. हंगाम संपला की प्लग काढून ठेवावा. हळू वेगावर रात्री चालणाऱ्या यंत्राच्या चार महिन्यांच्या विजेएवढे ते पैसे आहेत.

वीज स्वस्त, फिल्टर महाग

विजेचा एवढा खल झाला तरी खरा खर्च फिल्टरचा आहे. यंत्रातला हेपा फिल्टर सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो आणि मध्यम यंत्राचा फिल्टर दोन ते चार हजार रुपयांना पडतो. वर्षाला तीन हजार धरले तर महिन्याला अडीचशे. ऑटो मोडवरच्या विजेच्या तो सहापट आहे. यंत्र घेताना दुकानात पहिला प्रश्न वॉटचा विचारू नये. या मॉडेलचा फिल्टर कितीला, तो बेळगावात मिळतो की मागवावा लागतो, आणि दोन वर्षांनी मिळत राहील का, हे विचारावे. स्वस्तातले यंत्र आणि न मिळणारा फिल्टर ही तक्रार जुनीच आहे.

फिल्टर भरला की यंत्र जास्त वीज खाते, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धवट खरे. जाळी तुंबली की पंख्यातून हवाच कमी जाते. त्याच वेगावर मीटर काही जोरात धावत नाही. होते असे की हवा लवकर साफ होत नाही, मग ऑटो मोडमधला सेन्सर पंख्याला वरच्या वेगावर जास्त वेळ ठेवतो आणि बिल त्या वाटेने वाढते. बाहेरची जाळी दोन आठवड्यांतून एकदा व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने साफ केली तर आतला हेपा जास्त टिकतो. हेपा मात्र धुवायचा नाही. धुतला की तो वाया गेला, मग दिसायला कितीही पांढरा दिसो.

बेळगावात तो लागतो का

केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कर्नाटकातली चार ठिकाणे आहेत : बेंगळुरू, दावणगेरे, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी. बेळगाव त्यात नाही. दिल्लीच्या बातम्या बघून इथे प्युरिफायर घ्यायची घाई करण्याचे कारण नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांत इथली हवा यंत्राने सुधारण्यासारखी नसतेच. खिडकी उघडी ठेवणे हे जास्त चांगले आणि फुकट.

तरी सगळीकडे सारखे नाही. उद्यमबाग, मच्छे भागात फाउंड्री आहेत. ऊस हंगामात पाचट जाळतात तेव्हा शेताला लागून असलेल्या वसाहतींत पहाटे धूर खाली बसतो. रस्त्याचे काम वर्षभर रखडले की त्या गल्लीतल्या घरांत जी धूळ येते, तिला कुठला हंगाम नसतो. घरात दम्याचा रुग्ण, लहान बाळ किंवा फुप्फुसाचा आजार असलेले आजोबा असतील तर अशा ठिकाणी झोपायच्या खोलीत एक यंत्र ठेवण्याला अर्थ आहे. ते औषधाची जागा घेत नाही. डॉक्टरांनी दिलेला पंप चालूच ठेवायचा.

आपल्या भागातला अंदाज घ्यायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ ॲप आहे. बेळगावात रामतीर्थनगरातल्या केंद्राची नोंद त्यात बघता येते. त्यातला निर्देशांक १०० च्या आत असेल तर निरोगी माणसाला प्युरिफायरची गरज नाही. १०१ ते २०० हा मध्यम गट. दमेकऱ्यांना तिथून त्रास सुरू होऊ शकतो. पीएम २.५ या बारीक कणांसाठी भारतीय मानक चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेचे १५. आपल्या आकड्याला ‘ठीक’ म्हणताना कोणत्या फूटपट्टीने मोजतो ते ठाऊक असावे.

घरातला धूर वेगळाच. फोडणी, धूप, कापूर, मच्छर अगरबत्ती यांनी बंद खोलीतला आकडा बाहेरच्यापेक्षा वर जातो. स्वयंपाकघराला एक्झॉस्ट पंखा पुरतो, तिथे प्युरिफायर ठेवू नये. तेलकट धुराने फिल्टर दोन-तीन महिन्यांतच चिकट होतो. मच्छर अगरबत्ती लावून शेजारी प्युरिफायर चालवणे म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणे. मच्छरदाणी लावली तर दोन्हींचे पैसे वाचतात. गॅस गळती, रंगाचा वास, कोळशाच्या शेगडीचा विषारी वायू यांवर हेपा फिल्टरचा काही उपयोग नाही. थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून प्युरिफायरच्या भरवशावर झोपणे जिवावर बेतू शकते.

यंत्र भिंतीला चिकटवून किंवा पडद्यामागे ठेवले तर हवा ओढता येत नाही, वेग वाढवावा लागतो. चारी बाजूंनी फूटभर जागा सोडावी. दार सारखे उघडे राहणाऱ्या हॉलमध्ये ठेवण्यापेक्षा झोपायच्या खोलीत ठेवावे, कारण सलग सात-आठ तास माणूस तिथेच असतो आणि दार लावलेले असते. वीज जाते त्या भागात इन्व्हर्टरवर ते सहज चालते. ४० वॉट म्हणजे बॅटरीला फार नाही. फक्त बॅटरी भरताना वीज वाया जाते, त्यामुळे इन्व्हर्टरवरचे एक युनिट मीटरवर एकापेक्षा जास्त पडते. २०० च्या काठावरच्या घराने तेवढेही मोजलेले बरे.